चष्मा सुटला म्हणून पेढे वाटू नका

समजा, साताऱ्याचे एक आप्पा आहेत. साखर जुनी, पायाची जखम महिनोन् महिने भरत नाही. डॉक्टरांनी हायपरबेरिक ऑक्सिजन उपचार सुचवले. चौथ्या आठवड्यात एका सकाळी आप्पा चष्म्याशिवाय पेपर वाचू लागले. घरात आनंद! पण त्याच संध्याकाळी स्टँडवर सांगली गाडीची पाटी त्यांना अगदी समोर येईपर्यंत वाचता आली नाही. दोन्हींचं कारण एकच: चष्म्याचा नंबर मायनसकडे सरकला होता.

या उपचारात बंद चेंबरमधला दाब नेहमीच्या 2 ते 2.5 पट करतात आणि रुग्ण शुद्ध ऑक्सिजन घेतो. काठोकाठ भरलेल्या 45 फूट विहिरीच्या तळाशी असतो, साधारण तेवढा हा दाब. रोज दीड-दोन तास, अशा 20 ते 40 बैठका. एवढ्या दाबाखाली ऑक्सिजन रक्तद्रवात विरघळतो आणि जखमेपर्यंत पोचतो. पण तो डोळ्यातल्या भिंगापर्यंतही जातो. या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात, त्याला कमी ऑक्सिजनचीच सवय. जादा ऑक्सिजन मिळाला की ते प्रकाश जास्त वळवतं. जवळचं स्पष्ट, लांबचं धूसर. मास्कपेक्षा डोकं झाकणाऱ्या हूडमध्ये हा परिणाम अधिक दिसतो. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवलेल्या डोळ्यात तो सहसा होत नाही.

मग मोतीबिंदूची भीती? स्वीडनमधल्या 1984 च्या अभ्यासात, भिंग आधी स्वच्छ असलेल्या 15 रुग्णांपैकी 7 जणांना मोतीबिंदू झाला. मात्र त्या अभ्यासातल्या रुग्णांच्या बैठका होत्या 150 ते 850! आधीच मोतीबिंदू असेल तर तो वाढू शकतो, म्हणून सुरुवातीलाच डोळे तपासून घ्यावेत. मधुमेहींनी पडद्याचीही तपासणी करावी. साखर वरखाली झाली तरी नंबर बदलतो, हेही ध्यानात ठेवावं.

एक गोष्ट मात्र लपवू नये. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल, तर तो विरेपर्यंत चेंबरमध्ये जायचं नाही. दाब उतरताना गॅस फुगतो आणि डोळ्यातला ताण वाढतो. अशा रुग्णाला महाबळेश्वरचा घाट चढायलाही याच कारणाने मनाई असते. कडक कॉन्टॅक्ट लेन्सही काढून ठेवायची.

नंबर बदलला म्हणून लगेच नवा चष्मा करू नये, आणि लांबचं नीट दिसेपर्यंत कराडच्या हायवेवर गाडी घालू नये. उपचार संपल्यावर बहुतेकांचा नंबर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतो. सांगलीची पाटी लांबून वाचता आली आणि पेपरसाठी पुन्हा चष्मा शोधावा लागला, की आप्पांनी समजावं, भिंग मूळ पदावर आलं.