मेलॅनोमा आणि शरीरातले पहारेकरी

वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न नेहमी असतो. 'डॉक्टर, प्रतिकारशक्ती चांगली असेल तर कॅन्सर होत नाही ना?' काहीजण तर प्रतिकारशक्ती वाढवणारे एखादे चूर्ण किंवा टॉनिक सुचवा, असेही लिहितात. या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. ते नीट समजून घ्यायचे तर मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरची माहिती करून घ्यावी लागेल. हा आजार आपल्याकडे दुर्मिळ आहे. पण शरीर कॅन्सरशी कसे लढते आणि कुठे हरते, याविषयी वैद्यकशास्त्राला या गाठीने फार मोठे धडे दिले आहेत.

मेलॅनोमा म्हणजे काय?

आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य बनवतात आणि उन्हापासून आपले रक्षण करतात. अंगावरचा साधा तीळ हा अशाच पेशींचा निरुपद्रवी पुंजका असतो. याच रंगपेशी बेलगाम वाढू लागल्या, की त्याला मेलॅनोमा म्हणतात.

गोऱ्या कातडीच्या लोकांत हा कॅन्सर मुख्यतः उन्हातील अतिनील किरणांमुळे होतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. आपल्याकडे ते लाखात एकापेक्षाही कमी आहे. म्हणून 'सावळ्या माणसाला हा रोग होतच नाही' असा समज पसरला आहे, आणि तो धोक्याचा आहे. आपल्याकडे मेलॅनोमा अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, तर कधी तोंड, नाक व गुदद्वार यांच्या आतल्या नाजूक अस्तरात होतो. या जागांचा उन्हाशी फारसा संबंध नाही. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली कृष्णवर्णीय होता. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा आढळला आणि १९८१ मध्ये वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

शरीराला हा शत्रू ओळखू येतो का?

येतो, आणि त्याचा पुरावा कधीकधी नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. काही तरुण मुलामुलींच्या अंगावरच्या तिळाभोवती पांढरे कडे उमटते आणि काही महिन्यांत तीळच नाहीसा होतो. शरीरातल्या पांढऱ्या पेशींनी तिळातल्या रंगपेशींवर हल्ला केल्यामुळे असे होते. मेलॅनोमाच्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तिथेही कर्कपेशींच्या आजूबाजूला पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. ही गर्दी दाट असली तर सामान्यतः रुग्णाला आराम पडण्याची आशा जास्त असते.

या लढाईतले मुख्य शिपाई म्हणजे टी-पेशी. त्यांचे काम समजावे म्हणून मी लालबाग-परळच्या गिरण्यांचे उदाहरण घेतो. गिरणगावातल्या जुन्या मंडळींना ते चटकन पटेल. गिरणीच्या फाटकावर कामगाराला बिल्ला दाखवावा लागे. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशीही आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. हाच तिचा बिल्ला. टी-पेशी पहारेकऱ्यासारख्या फिरत हे बिल्ले तपासतात. कर्कपेशीच्या जनुकांत बिघाड झालेला असल्याने तिच्या बिल्ल्यावरचा मजकूर बदललेला असतो.

पहिली खबर देणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. त्या गाठीतला माल उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते याच ग्रंथींचे. तिथे त्या मालाशी जुळणारी टी-पेशी शोधली जाते. ती सापडली की तिच्या हजारो प्रती तयार होतात, रक्तातून गाठीपर्यंत पोचतात आणि कर्कपेशीला भोक पाडून आतून मारतात.

मग माणूस हरतो कशाने?

इतकी चोख व्यवस्था असताना गाठ वाढतेच कशी, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही अनेक वर्षे सतावत होता. त्याची उत्तरे हळूहळू मिळाली. काही कर्कपेशी आपला बिल्ला दाखवणेच बंद करतात. काही गाठी पहारेकऱ्यांना शांत करणाऱ्या पेशी आपल्याभोवती गोळा करतात. पण सर्वांत हुशारीची युक्ती निराळीच आहे.

पाळी संपली की गिरणीचा भोंगा वाजे आणि कामगार हातातले काम थांबवून घरी निघत. टी-पेशींनाही असा भोंगा लागतो. तो नसेल तर जंतू मेल्यावरही त्यांचा हल्ला चालूच राहील आणि आपल्याच अवयवांची नासधूस होईल. म्हणून टी-पेशीच्या अंगावर हा भोंगा ऐकणारे 'कान' असतात. त्यांतल्या दोघांची नावे सीटीएलए-४ आणि पीडी-१. पहिला मुख्यतः लसिका ग्रंथीत, म्हणजे टी-पेशी कामाला निघतानाच, तिला आवर घालतो. दुसरा प्रत्यक्ष लढाईच्या जागी काम करतो. मेलॅनोमाची पेशी काय करते? टी-पेशींचा हल्ला सुरू झाला, की त्या हल्ल्यात सुटणाऱ्या रसायनांचाच इशारा घेऊन ती आपल्या पृष्ठभागावर पीडी-१ ला चिकटणारे प्रथिन उभे करते. थोडक्यात, काम अर्धवट असताना ती खोटा भोंगा वाजवते. दारापर्यंत आलेले शिपाई थबकतात आणि कालांतराने थकून निकामी होतात.

भोंग्यावरचा इलाज

सीटीएलए-४ बंद केले तर उंदरांतल्या गाठी विरघळतात, हे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवले. जपानमधील क्योतो येथे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ शोधला होता. या कामाबद्दल दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इपिलिमुमॅब हे या जातीचे पहिले औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, तेही मेलॅनोमासाठीच. पीडी-१ चा कान बंद करणारी पेंब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब ही औषधे २०१४ मध्ये आली.

पूर्वी शरीरभर पसरलेल्या मेलॅनोमाचे निम्मे रुग्ण वर्षभरही जगत नसत. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब एकत्र देऊन केलेल्या एका मोठ्या चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही औषधे मिळालेल्या गटात दर १०० पैकी सुमारे ४३ रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. अमेरिकेत २०२४ मध्येच आणखी एका उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या गाठीतल्याच टी-पेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत प्रचंड संख्येने वाढवून पुन्हा त्याच्या शरीरात सोडतात.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. उन्हामुळे झालेल्या मेलॅनोमात जनुकांचे बिघाड खूप असतात, म्हणजे चुकीचे बिल्लेही खूप असतात. तळपायाच्या मेलॅनोमात ते कमी असतात. त्यामुळे आपल्याकडे आढळणाऱ्या या प्रकारावर ही औषधे तुलनेने कमी चालतात. दुसरी गोष्ट अशी, की भोंगा ऐकूच येईनासा झाला तर शिपाई कधीकधी घरच्यांवरही हात टाकतात. आतडे, यकृत, फुप्फुस, थायरॉइड यांना सूज येते. अशा रुग्णाला जुलाब किंवा धाप लागली, तर घरी औषध करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. काही रुग्णांच्या त्वचेवर कोडासारखे पांढरे डागही उठतात. पहारेकरी रंगपेशी ओळखू लागल्याची ती खूण असते. यावरून एरवीच्या कोडाचा कॅन्सरशी संबंध जोडू नये. कोड हा कॅन्सर नव्हे आणि तो स्पर्शाने पसरतही नाही.

परळमधले काम

परळ हे प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचे जुने ठाणे आहे. १८९७ मध्ये भायखळ्याला प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तिथून जवळच टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. परळला शिकत असताना मी रोज पाहत असे, की खेड्यापाड्यांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक फूटपाथवर पथारी टाकून पाळीची वाट पाहत आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा निवारा मिळाला तर नशीब समजायचे. अशा माणसाला लाखो रुपयांचे इंजेक्शन लिहून देणे म्हणजे न देण्यासारखेच.

टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. तोंड, घसा अशा डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी केली. हे सर्व रुग्ण आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेले होते. निम्म्यांना स्वस्त गोळ्यांचा उपचार दिला. उरलेल्यांना त्याच गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅबचे फक्त २० मिलिग्रॅम दिले. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असते. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षानंतर १०० पैकी १६ जण हयात होते, तर इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ४३. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली. मेलॅनोमात शिकलेला धडा तंबाखूने पोखरलेल्या आपल्या माणसांच्या उपयोगी पडला, तोही थोड्या मात्रेत. मात्र ही चाचणी मेलॅनोमाची नव्हती. म्हणून मेलॅनोमाच्या रुग्णाने आपल्या मनाने मात्रा कमी करू नये.

आपण काय करावे?

महागड्या औषधांची वेळ येऊच नये हे सर्वांत चांगले. मेलॅनोमा पातळ असताना कापून काढला, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर उजेडात बसून दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहावीत. म्हाताऱ्या माणसांचे पाय घरच्यांनी पाहावेत.

तीळ वेडावाकडा आहे, कडा अस्पष्ट आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत, आकार सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आहे किंवा तो बदलतो आहे, रक्त येते आहे, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.

सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर तपकिरी रेघा असतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. पण एकाच नखावर नवी काळी रेघ उमटली, रुंदावू लागली किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर पसरला, तर वेळ घालवू नये. सर्वच मेलॅनोमा काळे नसतात. न भरणारी लालसर जखमही तपासून घ्यावी.

कुरूप किंवा चामखीळ समजून काळा डाग ब्लेडने कापणे, चुना लावणे, जाळणे हे प्रकार टाळावेत. डॉक्टरांनी काढलेला तुकडा तपासणीला पाठवला आहे ना, हे आवर्जून विचारावे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. धडधाकट माणसालाही कॅन्सर होतो, कारण त्याच्या शिपायांत बळ कमी नसते, त्यांना फसवून थांबवलेले असते. खोटा भोंगा बंद करणारे चूर्ण किंवा टॉनिक अजून निघालेले नाही. त्यावर पैसे घालवण्यापेक्षा तंबाखू सोडा आणि महिन्यातून एकदा तळपाय उजेडात पाहा. त्याला काही खर्च येत नाही.