समुद्रकांठची वस्ती आणि आपलें कर्तव्य

घराचा उंबरठा ओलांडला कीं आपलें कर्तव्य संपलें, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही आढळते. मुंबईच्या दादर भागाकडे पाहिलें म्हणजे ती किती चुकीची आहे हें कळतें.

१८९६ च्या प्लेगनें शहरांतील दाट वस्तीचे दोष उघडे पाडले. १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे मोकळ्या वस्तीची आखणी झाली. १९२५ मध्यें म्युनिसिपालिटीनें येथें मैदान खुलें केलें. १९२७ मध्यें अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. त्या मैदानाभोंवतालच्या बुटक्या कट्ट्यावर आजोबा, सुना, मुलें विनामूल्य व निःसंकोच बसतात, आणि शेजारधर्म वाढतो.

परंतु तेथून थोड्याच अंतरावरील किनाऱ्यावर पावसाळ्यांतील भरती आपणच नाल्यांत लोटलेलें प्लास्टिक परत आणून टाकते. असा कचरा २०१५ पासून वर्सोव्याच्या नागरिकांनीं दर आठवड्यास स्वतः उचलला, हें उदाहरण डोळ्यांपुढें आहे.

स्वच्छ शौचालय जवळ नाहीं म्हणून कित्येक घरांतील आजी समुद्रावर जातच नाहींत. शौचालय, पिण्याचें पाणी, दिवा आणि बाक, एवढेंच तर हवें! शेजारच्या चार इमारतींनीं मिळून तें वॉर्ड कचेरीकडे मागावें. आणि मिळाल्यावर स्वतःच्या देवघराप्रमाणें राखावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.