मरणासन्न राजकन्या (भित्तिचित्र)

मरणासन्न राजकन्या हे अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील भित्तिचित्र आहे. हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने खोदविले. हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. वाशीम आणि अजिंठा यांच्या दरम्यान आजचा बुलढाणा जिल्हा येतो.

चित्राचे रूढ नाव दिशाभूल करणारे आहे; चित्रातील स्त्री मरणासन्न नाही. ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी होय, असे अभ्यासक मानतात. नंदाने प्रव्रज्या घेतल्यावर सेवक त्याचा मुकुट घेऊन येतो आणि तो पाहून ती मूर्च्छित होते. नंद-सुंदरीची कथा अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्याचाही विषय आहे.

शोक दाखविण्यासाठी चित्रकाराने अश्रूंचा किंवा आक्रोशाचा आधार घेतलेला नाही. सुंदरीची मान कललेली, पापण्या अर्धवट मिटलेल्या आणि बोटे शिथिल आहेत. एक दासी तिला मागून सावरते, दुसरी चिंतेने तिच्याकडे पाहते. प्रसंगाचे गांभीर्य सुंदरीच्या मुद्रेइतकेच, किंबहुना अधिक, या दासींच्या मुद्रांवरून कळते.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अजिंठ्यातील चित्रांच्या प्रतिकृती करविल्या. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांचे रेखन आणि व्हेनिसच्या चित्रकारांचे रंग सरस ठरले असते, पण भावदर्शनात दोघेही याहून पुढे गेले नसते, असे त्यांचे मत होते. मूळ चित्र मातीच्या गिलाव्यावर असून त्याची बरीच हानी झाली आहे. त्यामुळे अभ्यासकांना ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथातील प्रतिकृतीचाही आधार घ्यावा लागतो.