मूडबिद्रीच्या ताडपत्रांपाशी थांबताना

दिवाळी आणि चातुर्मासाची समाप्ती झाली, की परभणी–जिंतूर रस्त्यावरील झरीसारख्या गावांत दक्षिणयात्रेची बोलणी सुरू होतात. वडीलधाऱ्यांना श्रवणबेळगोळचे दर्शन हवे असते, मुलांना समुद्र पाहायचा असतो. कर्नाटकाच्या किनारपट्टीची सहल या दोन्ही इच्छा पूर्ण करते. मंगळुरू, मूडबिद्री, कारकळ, वेणूर, वरंग, मालपे अशी नावे यात्रेच्या पत्रकात ओळीने छापलेली असतात. त्या ओळीत मूडबिद्रीच्या वाट्याला बहुधा तासा-दीड तासाचा थांबा येतो. जैन परंपरेचा एक अमोल ठेवा याच गावाने शतकानुशतके जपला, हे ध्यानी घेतले म्हणजे तो थांबा फार तोकडा वाटू लागतो.

घाट उतरून तुळुनाडूत प्रवेश केला, की मराठवाड्याच्या प्रवाशाला प्रथम जाणवतो तो पावसाचा प्रभाव. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर काळ्या दगडाच्या पोटात शांत गुहामंदिरे आहेत. येथील बसदींची छपरे मात्र उतरती, एकावर एक रचलेली आहेत. ‘बसदी’ हा कन्नड शब्द जैन मंदिरासाठी वापरला जातो. मुसळधार पाऊस झेलण्यासाठी घडलेली ही रचना पाहताना पुष्कळांना नेपाळातील मंदिरांची आठवण होते. मूडबिद्रीत अशा अठरा बसदी आहेत, म्हणूनच या गावाला ‘जैनकाशी’ म्हणतात. त्यांतील सर्वांत भव्य ती त्रिभुवनतिलकचूडामणी बसदी, म्हणजेच सहस्रस्तंभ बसदी. तिची उभारणी १४३० सालची असून गाभाऱ्यात भगवान चंद्रप्रभूंची मूर्ती विराजमान आहे. येथील भैरादेवी मंडपाच्या जोत्यावर जिराफ आणि चिनी धाटणीचा ड्रॅगन कोरलेले दिसतात. जिराफ या भूमीतला नव्हे. मिरी आणि तांदूळ घेऊन जाणाऱ्या जहाजांबरोबर दूरदेशीच्या वार्ताही या किनाऱ्यावर येत होत्या, याची ती दगडातली साक्ष होय. या मंदिरांमागे व्यापाऱ्यांचे दान होते, आणि त्या दानामागे समुद्र होता.

कारकळच्या खडकाळ टेकडीवर सुमारे बेचाळीस फूट उंचीची बाहुबलींची मूर्ती उभी आहे. राजा वीर पांड्याने १४३२ साली तिची प्रतिष्ठापना केली. समोरच्या टेकडीवरील चतुर्मुख बसदी १५८६ सालची आहे. तिला चारही दिशांना द्वारे असून प्रत्येक बाजूस अरनाथ, मल्लिनाथ आणि मुनिसुव्रत या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. वेणूरची पस्तीस फुटी बाहुबलीमूर्ती तिम्मण्ण अजिल या राजाने १६०४ साली फल्गुनी नदीच्या काठी उभारली. वरंगची केरे बसदी तर तळ्याच्या मध्यभागी आहे. तिच्या दर्शनासाठी होडीतून जावे लागते, आणि पाण्यावरून मंदिर हळूहळू जवळ येताना गप्पांत रमलेला जथाही आपोआप मौन धरतो.

खुल्या समुद्रातले बेट पाहायचे तर मालपे बंदरातून सेंट मेरी बेटांवर जाता येते. पावसाळ्यात ही नौकासेवा बंद असते. तेथील खांबांसारखे उभे खडक सुमारे आठ कोटी ऐंशी लक्ष वर्षांपूर्वीचे आहेत. भारत आणि मादागास्कर हे भूभाग एकमेकांपासून दुरावले, त्या काळातल्या ज्वालामुखीने ते घडवले. मंगळुरूलगतच्या उल्लाळला पोर्तुगिजांशी झुंज देणारी राणी अब्बक्का आठवते. सोळाव्या शतकातील ही वीरांगना जैन चौट घराण्यातली. त्याच घराण्याचा कोरीव लाकडी खांबांचा वाडा मूडबिद्रीत आजही पाहता येतो.

एवढे सगळे पाहून झाल्यावर मूडबिद्रीच्या गुरु बसदीत, म्हणजेच सिद्धांत बसदीत, शांतपणे बसावे. ‘षट्खंडागम’ या आद्य सिद्धांतग्रंथावरील आचार्य वीरसेनांची ‘धवला’ ही टीका, तसेच ‘जयधवला’ आणि ‘महाधवला’ यांच्या ताडपत्रांवरील प्रती येथे सांभाळल्या गेल्या. भाषा प्राकृत, लिपी जुनी कन्नड. लोक त्यांचे दर्शन घेत, पूजा करीत. वाचणारा मात्र क्वचितच कोणी उरला होता.

१८८३ साली मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद संघासह येथे यात्रेला आले. इतरांप्रमाणे त्यांनीही दर्शन घेतले, परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. ही पाने जीर्ण होत आहेत, ती वाचू शकेल असे कोणी आहे काय, अशी विचारणा त्यांनी केली. श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरी शास्त्रींना ती लिपी वाचता येते, असे कळले. माणिकचंदांनी ही हकिगत सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना कळवली. ‘जैनबोधक’ नियतकालिकाचे संस्थापक म्हणून मराठी जैन समाज त्यांना ओळखतो. पुढे हिराचंद स्वतः शास्त्रींना घेऊन मूडबिद्रीस गेले. वर्गणी जमली, संमती मिळाली, आणि १८९५ च्या सुमारास ब्रह्मसूरी शास्त्री व गजपती उपाध्याय यांनी प्रती करण्यास आरंभ केला. तीनही ग्रंथांचे हे काम पुरे होण्यास सुमारे पाव शतक लागले.

तरीही ग्रंथ लगेच सर्वांच्या हाती आले नाहीत. पवित्र ठेवा स्थानाबाहेर जाऊ नये, ही मूडबिद्रीकरांची भावना होती. ज्ञान कुलपात राहिले तर नष्ट होईल, ही अभ्यासकांची चिंता होती. दोन्हींच्या मुळाशी श्रद्धाच होती. अखेर काही प्रती बाहेर पडल्या आणि उत्तर भारतातून फिरत विदर्भातील कारंजापर्यंत पोहोचल्या. अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी ‘धवला’चे संपादन हाती घेतले. पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला. सोळा खंड पुरे होण्यास १९५८ साल उजाडले. आरंभीचे खंड पाहिल्यावर मूडबिद्रीनेही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास सहकार्य दिले. ज्यांनी ठेवा जपला आणि ज्यांनी तो मागितला, त्यांच्यातला तिढा असा सुटला.

या कथेचे धागे सोलापूर, अमरावती आणि कारंजा असे महाराष्ट्रभर पसरलेले आहेत. परभणीकडून निघालेली बस सोलापूरमार्गे दक्षिणेकडे वळत असेल, तर ही कथा सांगण्याची जागाही तीच. मूडबिद्रीत एक रात्र मुक्काम ठेवला, तर ज्येष्ठांना कारकळच्या चढणीपूर्वी विसावा मिळतो, सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची धावपळ टळते आणि बसदीत बसायला निवांत वेळ लाभतो. मार्गदर्शकाकडून मूर्तीची उंची तर सारेच ऐकतात. ती कोणी घडवली, द्रव्य कोठून आले, शिलालेखात काय लिहिले आहे, हेही मुलांनी विचारावे. उत्तर प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. माणिकचंदांच्या प्रश्नाचेही पूर्ण उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नव्हते. १९१४ साली ते निवर्तले, तेव्हा ‘धवला’चे एकही पान छापले गेले नव्हते.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, गावोगावच्या मंदिरांत शास्त्रांचे पूजन होते. ‘षट्खंडागम’ ग्रंथबद्ध झाल्याच्या आनंदाचा तो दिवस. किनारपट्टीची यात्रा करून आलेल्या कुटुंबातील एखादे मूल त्या दिवशी चौरंगावरचा ग्रंथ उघडून दोन ओळी वाचू लागले, तर शेठजींच्या त्या यात्रेचा पुढचा मुक्काम त्या घरी झाला, असेच म्हणावे लागेल.