छकुलीने समुद्र पाहिला

आमची छकुली साडेचार वर्षांची आहे. तिने आजवर पाणी पाहिले ते हंड्यातले, टाकीतले, फार तर पावसाळ्यात गल्लीत साचते ते. गेल्या ६ डिसेंबरला तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिच्यासोबत सत्तरी गाठलेल्या तिच्या आजीनेही पहिल्यांदाच पाहिला. आपल्यातली पुष्कळ कुटुंबे लहान लेकरे घेऊन चैत्यभूमीला जातात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

आम्ही अकोला जिल्ह्यातले. छकुलीचे बाबा डाळ मिलमध्ये हमाली करतात, मी घरी शिलाई मशीन चालवते. दरवर्षी जायचे ठरते आणि खर्चाकडे पाहून बेत राहतो. या वेळी सासूबाई म्हणाल्या, "मेल्यावर नेसान काय मले?" मग भिशीचे पैसे उचलले, भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि निघालो. गाडीत बसायला जागा नव्हती. दाराजवळ पोते अंथरून रात्र काढली.

५ तारखेला दादरला उतरलो. शिवाजी पार्कच्या मंडपात सामान टाकले, पुस्तकांच्या दुकानांवरून फिरलो. रात्रीपासून रांगेत उभे राहून सकाळी दर्शन झाले. ७ डिसेंबर १९५६ रोजी जिथे बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, तिथे सासूबाईंनी माथा टेकवला, तेव्हा त्यांना उठवावे लागले. बाहेर आलो आणि समोर समुद्र!

बाबांची चूक

लाट फुटल्याचा आवाज आला तशी छकुली माझ्या पदराला बिलगली. "आई, ते आपल्याकडे येऊन रायलं!" म्हणाली. तिच्या बाबांना गंमत वाटली. त्यांनी तिला उचलले आणि सरळ पाण्यात नेऊन उभे केले. लाटेने पायाखालची वाळू सरकली आणि पोरीने असा टाहो फोडला की आजूबाजूची माणसे धावली. त्यांना वाटले, लेकरू वाहून चालले. बाबांचा चेहरा उतरला. त्यांचा हेतू चांगला होता, पण चूक ती चूकच.

सासूबाईंनी तिला मांडीवर घेतले आणि लाटेपासून लांब, कोरड्या वाळूत बसल्या. "पाह्य, येते अन् परत जाते. आपल्याले काही करत नाही," एवढेच म्हणाल्या. दोघी बसून लाटा मोजू लागल्या. छकुलीला वीसपर्यंत येते, म्हणून वीस झाल्या की पुन्हा एकपासून. अर्ध्या तासाने पोर स्वतःहून उठली, ओल्या वाळूपर्यंत गेली, पळत परत आली. पुन्हा गेली. मग बोट बुडवून चाटले आणि ओरडली, "आजी, हे तं आपल्या हापशीचं पानी हाय!"

आम्ही सगळे हसलो, पण पोरीचे काही चुकले नव्हते. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या कितीतरी गावांत जमिनीखालचे पाणी खारट आहे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मुंबईच्या मुलांना समुद्राची चव नवी वाटत असेल, आमच्या पोरीला ती घरची वाटली.

"हे पानी कोनाचं हाय?"

थोड्या वेळाने तिने विचारले, "आजी, हे पानी कोनाचं हाय?" आमच्या वस्तीत नळावर आणि टँकरवर रोज भांडणे होतात, म्हणून तिला वाटते प्रत्येक पाण्याला मालक असतो. आजी म्हणाली, "कोनाचंच नाही वं. सगळ्यायचं हाय."

मग सासूबाई जे बोलल्या ते मी लग्नाच्या बारा वर्षांत ऐकले नव्हते. त्या लहान असताना त्यांच्या गावात गोड पाण्याची विहीर एकच होती आणि तिच्यावर आपल्या लोकांना चढू देत नसत. त्या आईसोबत हंडा घेऊन लांब उभ्या राहत. कोणाला दया आली तर वरून ओतायचे, नाही तर नाल्याकाठचे खारे पाणी न्यायचे. संविधानाने अस्पृश्यता १९५० सालीच नष्ट केली होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यालाही तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. तरी त्या गावच्या विहिरीपर्यंत ते पोहोचायचे होते.

मला भगवान बुद्धांचा दृष्टान्त आठवला. नद्या वेगवेगळ्या नावांच्या असतात, पण महासागराला मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत. तसेच संघात आल्यावर कोणाचा वर्ण उरत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनीही हा दाखला दिला होता. विहारात तो अनेकदा ऐकला होता, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. आमची पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे याच अरबी समुद्राला. म्हणजे आमच्या गावचे पाणीही इथे आलेलेच आहे.

लेकरे नेताना

माझ्या मैत्रिणींनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. मुलाच्या खिशात नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत हात सुटायला वेळ लागत नाही. भरती-ओहोटी कधी आहे ते आधी स्थानिक माणसाला विचारा. दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, म्हणून काल मोकळी असलेली वाळू आज त्याच वेळी मोकळी असेलच असे नाही. भरतीच्या वेळी लेकरू पाण्याजवळ नेऊ नका. ओहोटीतही त्याचा हात सोडू नका, कारण परतणारी लाट मोठ्या माणसाचेही पाय ओढते. आणि भ्यायलेल्या मुलाला पाण्यात ढकलू नका. भीती त्याची आहे, ती जायला त्याला वेळ द्या.

छकुलीने येताना छोटी बाटली भरून आणली. घरी मी ते पाणी एका ताटलीत आणि हापशीचे पाणी दुसऱ्या ताटलीत ओतून उन्हात ठेवले. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोन दिवसांनी पाहिले तर पहिल्या ताटलीत मिठाचा जाड थर होता, दुसरीत पातळ पांढरा थर. नद्या खडकांतले क्षार वाहून नेतात, उन्हाने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, असे तिला समजावले. कितपत कळले कोण जाणे. पण गल्लीतल्या पोरांना जमवून ती आता सांगत असते, "पानी उडून गेलं अन् मीठ रायलं!"

पुढच्या वर्षी पुन्हा जायचे आहे. छकुलीचे बाबा म्हणतात, आधी वाळूत बसू. भिशीचा पहिला हप्ता भरला आहे.

जय भीम!