असं का? : समुद्रपक्षी काय पितात?

सारंगखेड्याच्या बॅरेजवर नदी सुरय हा पक्षी तापीचं गोडं पाणी पितो. पण त्याचे समुद्री भाऊबंद वेंगुर्ला रॉक्सच्या खडकांवर अंडी घालतात. तिथं भोवती नुसता समुद्र, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ! ते हेच पाणी पितात. पण एवढं मीठ पक्ष्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. ते काम डोळ्यांवरच्या दोन ग्रंथी करतात. गाळणी चहातून पत्ती वेगळी काढते, तशा त्या रक्तातून मीठ काढतात. फरक इतकाच, की त्यासाठी त्यांना ऊर्जा खर्चावी लागते. समुद्राहूनही खारट थेंब नाकपुडीतून चोचीवर ओघळतात, पक्षी मान झटकतो. केवढी सुंदर सोय ही! कुरव पक्षी गोड्या पाण्यावर राहू लागला, की या ग्रंथी आक्रसतात. समुद्रावर परतला, की पुन्हा वाढतात.