सर्टिफिकेट भिंतीवर, कुलूप दारावर

परदेशी ऑर्डर घेणाऱ्या आपल्या व्यापारी-कारखानदारांपुढे अलीकडे एक जास्तीचा कागद येऊ लागला आहे. पूर्वी भाव, मुदत आणि मालाची जात एवढ्यावर सौदा ठरत असे. आता बायर विचारतो, माल कुठल्या गाळ्यात शिवला, कुणी शिवला, रंगाचे पाणी कुठे सोडले, आग लागली तर माणसे कुठून बाहेर पडतील. बहुतेक ठिकाणी हा कागद मुनीमाकडे जातो. मुनीम सगळ्या रकान्यांत 'होय' लिहितो, मालक सही करतो आणि ऑर्डर पुढे सरकते.

कागद भरणे वेगळे आणि धोका शोधणे वेगळे. धोका शोधण्याची एक रीत असते. ती डॉक्टरांनी, इंजिनिअरांनी आणि संशोधकांनी बऱ्याच वर्षांच्या अनुभवातून बसवली आहे. तिला मोठे भांडवल लागत नाही, पण शिस्त लागते. ती रीत काय आहे आणि आपल्या छोट्या कारखान्यांत ती कशी वापरता येईल, ते या लेखात सांगायचे आहे.

कागद पास, माणसे नापास

कराचीच्या बल्दिया टाऊन भागात अली एंटरप्रायझेस नावाचा कपडे शिवण्याचा कारखाना होता. जर्मनीला माल जात होता. २०१२ च्या ऑगस्टमध्ये या कारखान्याला कामगारांची परिस्थिती चांगली असल्याचे एसए ८००० हे नावाजलेले सर्टिफिकेट मिळाले. त्यानंतर काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. आग मुद्दाम लावली गेली, असा निकाल पुढे २०२० मध्ये कोर्टाने दिला. पण आग कुणीही लावलेली असो, खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे मार्ग बंद होते, म्हणून मेलेल्यांचा आकडा एवढा वाढला. सर्टिफिकेट देणाऱ्यांनी कागद पाहिले होते. दारे उघडतात की नाहीत, हे तपासले गेले नाही.

पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या. खाली बँकेची शाखा होती, तिने आपली माणसे घरी पाठवली. वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. या इमारतीतल्या कारखान्यांचीही तपासणी झालेली होती. पण त्या तपासणीत इमारतीचे खांब आणि वरचे मजले मोजण्याचा प्रश्नच नव्हता. जे विचारलेच नाही, त्याचे उत्तर कुठून मिळणार?

या घटनेनंतर मे २०१३ मध्ये परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात 'अकॉर्ड' नावाचा करार झाला. दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या आणि बांगलादेशातले सुमारे सोळाशे कारखाने तपासले गेले. तपासणीची रीत बदलली, हे त्यातले खरे काम. प्रत्येक कारखाना तीन वेगवेगळ्या नजरांनी पाहिला गेला : आग, वीज आणि इमारतीचा सांगाडा. प्रत्येक दोषाची यादी झाली, दुरुस्तीची तारीख ठरली आणि अहवाल सर्वांना वाचण्यासाठी जाहीर झाला. दिलेल्या तारखेनंतर इंजिनिअर पुन्हा जाऊन पाहत. जो कारखानदार दुरुस्ती करीत नसे, त्याच्याशी या कंपन्यांचा धंदा बंद होई. २०२० मध्ये हे काम तिथल्याच एका नव्या मंडळाकडे गेले, आणि २०२३ मध्ये तसाच करार पाकिस्तानातही सुरू झाला.

जे कामावर नाहीत, त्यांना विचारा

दुसरे उदाहरण तुर्कस्तानचे आहे. जीन्स जुनी, झिजलेली दिसावी म्हणून तिच्यावर हवेच्या दाबाने वाळू मारण्याचे काम तिथल्या छोट्या गाळ्यांत चाले. बंद खोलीत, तोंडाला फडके बांधून, तरुण मुले हे काम करीत. वाळूची बारीक भुकटी फडक्याने अडत नाही. ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर औषध नाही.

२००५ च्या सुमारास पूर्व तुर्कस्तानातल्या डॉक्टरांकडे विशी-पंचविशीतले धापा टाकणारे रुग्ण येऊ लागले. डॉ. मेतिन अकग्युन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांना औषध देऊन घरी पाठवले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी काम विचारले. सगळ्यांचे काम एकच निघाले. मग त्यांनी आधी हे काम केलेली आणि आता सोडलेली मुले शोधून काढली. १४५ जणांचे एक्सरे पाहिले, तर निम्म्याहून अधिक मुलांना सिलिकोसिस होता. चार वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा नऊ जण मेले होते, आणि पुन्हा तपासलेल्यांपैकी ९६ टक्क्यांच्या आसपास मुलांना रोग जडला होता. काम सुटले तरी रोग थांबला नव्हता.

हे आकडे बाहेर आल्यावर मार्च २००९ मध्ये तुर्कस्तान सरकारने या कामावर बंदी घातली. २०१० मध्ये लीवाइज आणि एच अँड एम या कंपन्यांनीही वाळू मारलेला माल घेणे बंद करीत असल्याचे जाहीर केले. पण हेच काम दुसऱ्या देशांच्या गाळ्यांत चालत राहिल्याचे पुढे आढळले. एका ठिकाणचा धोका बंद केला आणि मालाची सगळी साखळी तपासली नाही, तर धोका फक्त पत्ता बदलतो.

यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. कारखान्यात उभे राहून 'कुणी आजारी आहे का?' असे विचारले, तर सगळे धडधाकट दिसतात. कारण जो आजारी पडला तो गावी गेलेला असतो. खरा हिशेब हवा असेल, तर गेल्या पाच वर्षांत काम सोडून गेलेल्यांची नावे काढा आणि ते का गेले ते विचारा.

आपल्याकडेही असे झाले आहे. अंगठीत आपण हौसेने अकीक घालतो. तो खंबायतचे कारागीर घासून तयार करतात. त्या घासण्याच्या भुकटीतून तिथे सिलिकोसिस पसरला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथे पाहणी केली आणि घासण्याच्या चाकाजवळच भुकटी खेचून घेणारे यंत्र तयार केले.

शनिवारचा प्रश्न

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत १९५० च्या दशकात डॉ. शिलिंग यांनी कापसाच्या धुळीने होणाऱ्या दम्यासारख्या रोगाचा अभ्यास केला. त्यांनी प्रत्येक कामगाराला ठरलेले तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारले. त्यात मुख्य प्रश्न असा की, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर आल्यावर छाती आवळल्यासारखी वाटते का? कधी कधी, दर सोमवारी, की आठवड्याच्या इतर दिवशीही? या उत्तरांवरून रोगाच्या पायऱ्या ठरल्या. इतक्या साध्या प्रश्नांतून रोग वेळेवर ओळखता येऊ लागला.

हा रोग पिंजण आणि कार्डिंग खात्यात जास्त असतो, विणकामात कमी. तरीही माग चालवणाऱ्यांनी हा प्रश्न लक्षात ठेवावा. मात्र जिथे शुक्रवारी माग बंद असतात, तिथे तो सोमवारी विचारून उपयोग नाही. तिथे शनिवारी विचारला पाहिजे. पद्धत बाहेरून घ्यावी, पण ती आपल्या गावाच्या घड्याळाला लावून घ्यावी लागते.

मागाच्या आवाजाचेही तसेच. एक हात अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर तो आवाज कानाला इजा करणारा आहे असे धरून चालावे. हे ओळखायला यंत्र लागत नाही. नेमका आकडा हवा असेल तेव्हा मोजणीचे यंत्र आणावे.

आपल्या कारखान्यात काय करायचे?

पहिले, कामाची यादी करा. कच्चा माल दारात येतो तिथून सुरुवात करून तयार माल टेम्पोत चढेपर्यंत त्याच्या मागोमाग चाला. प्रत्येक कामाला एक पान द्या. त्यावर लिहा : काम कोण करतो, किती तास करतो, हाताला काय लागते, नाकात काय जाते, कुठे बोट अडकू शकते.

दुसरे, एक नोंदवही ठेवा. अपघात तर लिहाच, पण 'थोडक्यात वाचला' अशी प्रत्येक घटनाही लिहा. पट्टा तुटून कानाजवळून गेला, वायरीतून ठिणगी उडाली, दोरीवरून पाय घसरला. ज्याने सांगितले त्याला रागावू नका. एकदा रागावलात की वही कोरी राहील आणि तुम्ही खुश राहाल.

तिसरे, नुसता आकडा पाहू नका, किती माणसांत किती ते पाहा. शंभर माणसांच्या शेडमध्ये वर्षात चार जखमी झाले आणि दहा माणसांच्या गाळ्यात दोन, तर पहिल्या ठिकाणी पंचविसात एक झाला आणि दुसऱ्या ठिकाणी पाचात एक. धोका छोट्या गाळ्यात पाचपट आहे.

चौथे, सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, आणि मालक किंवा मुकादम समोर नसताना विचारा. उस्ताद कारागिराला विचारा तसे शिकाऊ पोराला, पॅकिंगच्या बाईला आणि रात्रपाळीलाही विचारा. रोजी जाईल या भीतीने दिलेले उत्तर कामाचे नसते.

पाचवे, धोक्यांना नंबर लावा. किती वेळा होऊ शकते आणि झाले तर किती मोठे होईल, या दोन्हींचा विचार करा. सुताच्या ढिगाजवळची उघडी वायर वर्षात एकदाच ठिणगी देईल, पण तिचा नंबर पहिला.

सहावे, उपाय क्रमाने करा. धोक्याची वस्तू काढूनच टाकता येते का? नाही तर बदलता येते का? नाही तर तिला झाकण, जाळी, धूळ खेचणारा पंखा लावता येतो का? मग नियम आणि सूचना. तोंडाचा मास्क सगळ्यात शेवटी. आपल्याकडे गाडी नेमकी उलटी चालते. मास्क वाटला जातो, फोटो काढला जातो आणि पट्टा तसाच उघडा फिरत राहतो.

सातवे, तीन महिन्यांनी पुन्हा तीच पाने घेऊन फिरा. दुसऱ्यांदा पाहिले नाही, तर पहिली पाहणी वाया गेली.

साखळी कुठपर्यंत जाते?

आपल्या धंद्यात एका कारखान्यामागे दुसरा कारखाना असतो. ऑर्डर एकाची, शिलाई दुसऱ्याची, काज-बटन तिसऱ्याकडे आणि जरीचे काम चौथ्याच्या घरी. बायरला फक्त पहिला दिसतो. म्हणून जॉबवर्कची पावती फाडताना गाळ्याचा पत्ता, माणसांची संख्या आणि कामाचा प्रकार लिहून ठेवायला हवा. जर्मनीने २०२१ मध्ये केलेला आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेला कायदा तिथल्या मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडचे धोके पाहायला सांगतो. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये असाच नियम मंजूर केला. त्याच्या अटी पुढे सैल करण्याच्या हालचाली झाल्या, पण प्रश्न विचारण्याची प्रथा काही मागे गेलेली नाही.

चामड्याच्या व्यापाऱ्यांना हे नवीन नाही. २२ सप्टेंबर १९८७ रोजी सुप्रीम कोर्टाने कानपूरच्या जाजमऊ भागातल्या टॅनऱ्यांना सांगितले की, पाणी साफ करण्याची प्राथमिक सोय करा, नाही तर काम बंद ठेवा. तमिळनाडूच्या टॅनऱ्यांवर १९९६ मध्ये तसाच निकाल आला. ज्यांनी आधीच आपल्या पाण्याचा हिशेब ठेवला होता, त्यांना पुढची वाट तेवढी कठीण गेली नाही. हिशेब साधा आहे : किती क्रोम विकत घेतला, किती कातड्यात मुरला, किती गटारात गेला. जुन्या पद्धतीत क्रोमचा सुमारे तिसरा हिस्सा पाण्याबरोबर वाहून जातो. तो परत काढला तर नदी वाचते आणि पैसेही वाचतात.

खर्च कुणी करायचा?

हा प्रश्न आमचे कारखानदार बांधव नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. बायर भाव वाढवून देत नाही, पण अटी मात्र वाढवतो. बांगलादेशच्या करारात कंपन्यांनी दुरुस्ती परवडेल अशा रीतीने धंदा करण्याचे कबूल केले होते. तशी अट आपल्या व्यापारी मंडळांनीही एकत्र बसून मागावी. एकट्या गाळेवाल्याचे कुणी ऐकणार नाही. एका गल्लीतले वीस गाळे मिळून एक इंजिनिअर, एक डॉक्टर आणि आवाज मोजायचे एक यंत्र आणू शकतात. तपासणीचे पैसे वाटून घेतले तर ओझे हलके होते.

मात्र एक गोष्ट कुणाच्या भावावर अवलंबून नाही. मागच्या दाराला कुलूप नसावे आणि त्यापुढे मालाचे गठ्ठे रचलेले नसावेत. चोरीच्या भीतीने लावलेले कुलूप आगीत कामगाराच्या जिवावर उठते. चोरी झाली तर माल जाईल, तो पुन्हा विणता येईल. हा अंक हाती आला त्याच दिवशी प्रत्येक कारखानदाराने आपले मागचे दार स्वतःच्या हाताने उघडून पाहावे. बाकीची पाने त्यानंतर लिहिता येतील.